जरा उंच गेलेला पास

आमची मुलगी केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायला गेली आणि क्वार्टरबॅक झाली. ती खेळते तो फ्लॅग फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा धक्काबुक्की नसलेला प्रकार. चेंडू घेऊन पळणारीच्या कमरेची पट्टी ओढली की डाव थांबतो. क्वार्टरबॅकने डाव ठरवायचा आणि चेंडू फेकायचा. लंडनमध्ये आमच्या एजवेअरच्या मित्रांना मी हे इतक्यांदा समजावलं आहे, की आता विषय निघाला की ते चहाला उठतात.

मी हॉस्पिटलात तक्रारींची चौकशी करतो. चूक कोणाची, हे ठरवायचे मला पैसे मिळतात. मैदानाबाहेर उभा राहूनही मी तेच करायचो. टाकलेले पास किती, झेललेले किती. मग गाडीत मुलीला टक्केवारी सांगायचो. ती खिडकीबाहेर बघायची.

त्या रविवारी तिने एक सुंदर पास टाकला. तिच्यासोबत राहणारी मैत्रीण एकटीच मोकळी होती. चेंडू थेट तिच्या हातात आला आणि खाली पडला. मुलगी धावत गेली. "सॉरी, माझा थ्रो वाईट होता."

मला ऐकवेना. मी बाहेरून इंग्रजीत ओरडलो, "थ्रो उत्तम होता! कॅच सुटला!"

समोरच्या टीमचे आईवडीलसुद्धा वळून बघायला लागले. मुलीला अर्धा मार्क कमी दिला म्हणून शाळेत बाईंना भेटायला गेलेला माणूस मी. मैत्रीण बुटांकडे बघत होती.

मध्यंतरात मुलगी शंकरपाळ्यांचा डबा न्यायला आली.

"बाबा, ती टीम सोडते म्हणतेय. तिला वाटतं, तिच्यामुळे आपण हरतो. मी आठवडाभर तिला समजावते, आणि तू माइकशिवाय अनाउन्समेंट करतोस."

"पण खरं तेच आहे ना?"

"असेल. पण तिला पुढचा बॉल झेलायचाय, बाबा. मागचा नाही."

शेवटच्या डावात दुसऱ्या दोघी मोकळ्या होत्या. मुलीने चेंडू त्याच मैत्रिणीकडे टाकला. पुन्हा थेट हातात. पुन्हा सुटला. आम्ही हरलो.

दोघींना घरी सोडायला निघालो. मैत्रीण मागच्या सीटवर होती. तिने मलाच विचारलं, "तुम्ही तर खरं बोलता. शेवटचीही माझीच चूक ना?"

शेजारी बसलेल्या मुलीने माझ्याकडे बघितलं नाही.

"जरा उंच होता," मी म्हणालो. "दमली की तिचे पास उंच जातात."

"वाटलंच मला," मैत्रीण म्हणाली आणि तिने मुलीच्या खांद्यावर थाप मारली. "बुधवारी प्रॅक्टिसला जरा खाली टाक."

"टाकते," मुलगी म्हणाली.

त्या दिवशीची टक्केवारी माझ्या डोक्यात तयार होती. मी शंकरपाळे मागे दिले.

ती मैत्रीण अजून टीममध्ये आहे. आमची मुलगी चांगली क्वार्टरबॅक आहे का, असं कोणी विचारलं तर मी आता टक्केवारीऐवजी हेच सांगतो. मैत्रीण मात्र नव्या मुलींना बजावते की, ही दमली की हिचे पास उंच जातात, हिच्या बाबांनीच सांगितलंय. मुलगी मान डोलावते आणि म्हणते, "हो, काम चालू आहे त्याच्यावर."