आत्याचा मान

आमच्या घरात हात धुण्यावरून सगळ्यांना पिडणारी बाई मीच. कोराडीच्या वीजकेंद्रात ऑफिसची नोकरी केली, कॉलनीतल्या क्वार्टरच्या खिडक्यांवर बसलेली राख जन्मभर पुसली, त्यामुळे असेल, पण स्वच्छतेचं वेड जरा जास्तच. करोना ओसरल्यावर लोकांनी मास्क फेकून दिले. माझ्या पर्समधली सॅनिटायझरची बाटली मात्र राहिलीच. भाऊ चिडवायचा, ताई देवालाही लांबूनच नमस्कार करते.

हा भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी धाकटा, नागपुरात लकडगंजात राहतो. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्याला मुलगी झाली. मला मूलबाळ नाही. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. नेमका चार दिवस आधी मला ताप चढला. मी फोन करून सांगितलं, ताप असला तर येणार नाही, माझ्यासाठी थांबू नका. फोन ठेवला आणि रडले.

दोन दिवसांनी ताप उतरला. सकाळी आरशात पाहिलं तर ओठाच्या कडेला पाणी भरलेले बारीक फोड. शेजारच्या काकू बघून हसल्याच. "ताप मुतला वं बाई. आता सारा निघून गेला अंगातून. जाय बिनघोर." लहानपणापासून आम्ही हेच ऐकत आलो. ताप जाताना ओठावर फुटतो, आणि फुटला की माणूस मोकळा. दाराच्या कडीला हात लागला तरी बाटली काढणाऱ्या मला त्या फोडांची शंकासुद्धा आली नाही. उलट आनंद झाला.

बारशाला गेले. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि मगच पाळण्याशी गेले. वाकून बाळाच्या कानाला तोंड लावलं, कुर्र केलं, नाव सांगितलं. बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. मग मला राहवलं नाही. बाळाला उचलून कपाळाचा, गालाचा, ओठांचा, मिळेल तिथला पापा घेतला. किती वर्षांचं साठलं होतं.

आठवडाभरात बाळ दूध ओढेनासं झालं. मग झटके आले. दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना विचारलं, एवढ्यात कोणाच्या ओठावर फोड आले होते का? कोणीच माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे सगळ्यांना आठवत होतं. मला आले होते, मी म्हटलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्या फोडांत विषाणू असतो, मोठ्या माणसाचं जे चार दिवसांत बरं होतं ते एवढ्याशा जिवाला झेपत नाही, म्हणाले. तान्ह्या बाळाचा पापा कोणीच घेऊ नये, आणि फोड असलेल्याने तर जवळही जाऊ नये. औषध लगेच सुरू केलं. नऊ दिवसांनी बाळ गेलं.

मला कोणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं. भाऊ एकदाच, जिन्यात, म्हणाला, "तुले तरी कुठं माहीत होतं, ताई." त्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. भावजय मी गेले की पूर्वीसारखाच चहा करते, कप हातात देते.

यंदा तिला पुन्हा मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. पाहुणे किती, पाळणा कुठे बांधला, असं बरंच सांगत बसली. मी हं हं करत होते. कशासाठी फोन केलाय ते मला कळलं होतं. शेवटी म्हणाली, "ताई, तुमच्या ओठाले काही नाही न सध्या?"

ओठ स्वच्छ होता. पंधरा दिवस मी रोज सकाळी खिडकीच्या उजेडात आरसा धरून बघत होते. साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती.

"आहे वं," मी म्हटलं. "कालच फुटला. मी नाही येऊन राहिली."

तिने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला, तो मला फोनवर स्पष्ट ऐकू आला. मग हळूच म्हणाली, "जपा हो ताई स्वतःले."