फ्लेक्सवरचा वड

यंदा आमच्या सोसायटीत 'पर्यावरणपूरक वटपौर्णिमा' झाली. फांदी तोडायची नाही म्हणून वडाचं चित्र छापलेला फ्लेक्स पार्किंगमधल्या खांबाला बांधला होता. बायकांनी खांबालाच दोरा गुंडाळला आणि खाली आंबे ठेवले. मला हसू आलं. मग वाटलं, हसतोस काय, एक फांदी तर वाचली!

तेवढ्यात आंब्यांच्या वासाने मुंग्या आल्या. "अगं बाई, मुंग्या! खडू आणा गं," शेजारच्या काकू ओरडल्या आणि त्यांनी फ्लेक्सच्या खांबाभोवती जमिनीवर मुंग्यांच्या विषारी खडूची पांढरी रेघ ओढली.

शाळेत शिकलो तेव्हा पर्यावरणात मुंगी होती, असं मला पक्कं आठवतं. आता त्या शब्दात कापडी पिशव्या मावतात, बिल्डरच्या जाहिराती मावतात. मुंगीच कशी बाहेर राहिली? पण बोलणार कुणाला? आमच्या ओट्यावरही तोच खडू असतो.

"भाऊ, तिथेच काय उभे? प्रसाद घ्या की," काकू म्हणाल्या. मुंग्या रेघेपाशी घुटमळत होत्या. मी पाय जपून टाकला. मुंगी चिरडू नये म्हणून, की रेघ पुसू नये म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही.