वहिनींचा जव्हारचा रस्ता

नलिनीवहिनी गेल्याचं ज्यांना ज्यांना फोन करून कळवलं, त्यातल्या बहुतेकांनी आधी एकच विचारलं, "गाडी चालवताना?" मी नाही म्हणायचो. वसईजवळ उमेळ्याच्या घरी, स्वतःच्या खोलीत, लांबलेल्या आजारपणानंतर, सगळी माणसं जवळ असताना. मला त्यांचा राग आला नाही. वहिनींना ओळखणाऱ्या कुणाच्याही डोळ्यांसमोर त्या स्टिअरिंगमागेच यायच्या. आता महिना उलटून गेला आहे, तेव्हा त्या गाडी कशी चालवायच्या हे नीट सांगावं असं वाटतं, कारण ऐकीव गोष्टींत त्यातला फक्त वेग उरतो.

वहिनी माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. माहेर खाडीकाठच्या शेतकरी घरातलं, सासर आमचं, केळीच्या आणि फुलांच्या वाडीचं. शाळेत भूगोल शिकवायच्या. गाडी शिकल्या त्या चाळिशीनंतर, आणि दादाला कधी शिकावंसंच वाटलं नाही, त्यामुळे घरातली गाडी आपोआप त्यांची झाली. वसईत वळण म्हणजे समोर रिक्षा, टँकर नाहीतर लग्नाची वरात. इथे त्या इतक्या हळू चालवायच्या की मागच्यांचे हॉर्न आम्हाला पाठ झाले होते. पुढे मुलगी, मीनल, नाशिकला दिली आणि वहिनींना विक्रमगड, जव्हार, मोखाड्यावरून जाणारा रस्ता सापडला. हमरस्त्याने लवकर पोहोचता येतं, हे त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्या ऐकून घ्यायच्या आणि उजाडता उजाडता मनोरहून आत वळायच्या.

त्या रस्त्यावर मी त्यांच्या शेजारी अनेकदा बसलो आहे. त्या वेगात चालवायच्या, हे खोटं नाही. वळण येण्याआधी वेग उतरवायच्या, वळणात गाडी एका रेषेत धरून ठेवायच्या आणि पुढचा रस्ता उघडला की पाय द्यायच्या. त्या वेळी चेहऱ्यावर गाणं ऐकणाऱ्या माणसासारखी शांतता असायची. पण पाड्याची पहिली झोपडी दिसली की गाडी बैलगाडीच्या चालीवर यायची. कोंबड्या, शाळेला निघालेली पोरं, बाजाराला चाललेल्या बाया, सगळ्यांना आधी वाट. मागून कुणी घाईत आलं तर डावा दिवा लावून त्याला पुढे काढून द्यायच्या. आंधळ्या वळणावर मात्र कितीही सावकाश जाणारं वाहन पुढे असो, त्याच्या मागे राहायच्या. मी एकदा विचारलं, एवढी आवड आहे तर मग एवढं थांबणं कसं जमतं? म्हणाल्या, "भावोजी, मजा माझी आहे. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला ती कळतासुद्धा कामा नये."

जावई प्रसादराव यांना सासूचं भारी कौतुक. मित्रांना फोनवरून सांगायचे, "आमच्या आईंच्या मागे गाडी ठेवून दाखवा." एका दिवाळीनंतर आम्ही दोन गाड्यांनी नाशिकला निघालो. वहिनींबरोबर मी, आणि प्रसादरावांच्या नव्या गाडीत मीनल, नात आणि नातीजवळ बसायचं म्हणून दादा. जव्हारच्या पुढे घाटात दोन गाड्यांमध्ये एक टेम्पो शिरला. आम्ही पुढे निघालो. रस्ता उलटा वळून वर चढला तशी खालची वाट माझ्या बाजूला आली, आणि मी प्रसादरावांची गाडी टेम्पोला ओलांडताना पाहिली. ते वळण होतं, पुढचं काही दिसत नव्हतं. समोरून बस आली. बसवाल्याने ब्रेक दाबला, प्रसादरावांनी गाडी डावीकडे ओढली, आणि कडेने मोळी घेऊन चाललेली एक बाई गटारात कोसळली. मी काही बोलायच्या आत वहिनींनी गाडी रुंद जागा बघून थांबवली होती. त्यांनीही आरशात पाहिलं होतं.

आम्ही पायी खाली गेलो. बाई उठून बसली होती, मनगट धरून. "काय नाय झाला, तुमी जा," म्हणत होती, पण हात सुजायला लागला होता. प्रसादराव पांढरे पडले होते. म्हणाले, "आई, थोडक्यात वाचलो."

वहिनी रागावल्या की माहेरची बोली बाहेर यायची. "कोन वाचला? आपुन. ही बाई पडली ना."

मग त्यांनी हात पुढे केला. "प्रसादराव, चावी द्या."

जावयाकडे, भर रस्त्यात, बसमधली माणसं बघत असताना... मीनल "आई" एवढंच म्हणाली. प्रसादरावांनी चावी दिली. वहिनींनी त्या बाईला जव्हारच्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत थांबल्या, तिच्या पाड्यापर्यंत सोडलं आणि जावयाची गाडी नाशिकपर्यंत स्वतः चालवली. त्यांची गाडी मी चालवत मागे होतो. त्या रस्त्यावर वहिनी इतक्या हळू कधीच गेल्या नव्हत्या.

त्यानंतर मीनल दिवाळीला मुलीला घेऊन एकटी यायला लागली. प्रसादरावांना सुट्टी नसायची. दादाने वहिनींना दोनदा सुचवलं की जावयाशी एवढं तोडून वागू नये, एक फोन करावा. वहिनींनी केला नाही. त्या बाईच्या पाड्यावर मात्र जाता-येता थांबायच्या, वाडीतली केळी द्यायच्या. तिचा हात बरा झाला, पण मोळी उचलताना अजून दुखतो, असं आम्हाला सांगायच्या. एकदा ओट्यावर बसलो असताना मला म्हणाल्या, "प्रसादराव माझं बघूनच तसं चालवत होते, भावोजी. पण त्यांनी माझं अर्धंच बघितलं..." त्या वर्षी नाशिकला त्या हमरस्त्यानेच जाऊन आल्या.

मग आजार निघाला. गाडी बंद झाली. हिवाळ्यातल्या एका सकाळी प्रसादराव न कळवता उमेळ्याला आले. माफीबिफी काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि म्हणाले, "आई, जव्हारला जाऊन येऊ. चालवतो मी." वहिनींनी दादाकडे पाहिलं, मग शाल मागितली. मी मागे बसलो. मला वाटलं होतं, ते सासूला दाखवायला म्हणून जपून, अवघडून चालवतील. तसं नव्हतं. मोकळ्या रस्त्यावर गाडी छान पळत होती आणि वळणाआधी तिचा वेग बिनबोभाट उतरत होता. विक्रमगडच्या पुढे एक तरुण अगदी चिकटून मागे लागला, हॉर्न देत. प्रसादरावांनी डावा दिवा लावला, हात बाहेर काढून त्याला पुढे जा म्हणून खूण केली आणि बोलत होते ते बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं. दुसऱ्याच्या गाडीत वहिनी कधी डोळे मिटायच्या नाहीत, दोन्ही पाय खाली रोवून बसायच्या. त्या दिवशी खरी वळणं सुरू झाली आणि त्यांची मान एका बाजूला कलली. मी घाबरून पुढे वाकलो. त्यांना झोप लागली होती.

जव्हारला गाडी थांबल्यावर जाग्या झाल्या. बाहेर बघितलं. "पोहोचलो होय," म्हणाल्या. मग, "परत जातानाही तुम्हीच चालवा, प्रसादराव." प्रसादराव खाली उतरून बराच वेळ काच पुसत होते. काच स्वच्छच होती.

गेल्या आठवड्यात दादा आणि मी वसई रोड स्टेशनवरून रिक्षाने घरी चाललो होतो. पुढे पाण्याचा टँकर होता आणि रस्ता डावीकडे वळत होता. अशा वळणावर पुढच्या वाहनापलीकडचा रस्ता डाव्या बाजूला बसलेल्याला आधी दिसतो. वर्षानुवर्षं वहिनींच्या शेजारी बसून दादाने ते एकच काम केलं होतं. वाकून बघायचं आणि सांगायचं. त्या तरीही स्वतः बघितल्याशिवाय पुढे जात नसत, आणि त्याचं दादाला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी तो माझ्या डावीकडे बसला होता. टँकरच्या कडेने बाहेर वाकला, नीट पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मोकळं आहे."

रिक्षावाल्याला ते ऐकू गेलं नाही. तो टँकरच्या मागेच राहिला. दादा सरळ बसला आणि पुढचं वळण आलं तसा पुन्हा बाहेर वाकला.