लेकीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता शोधताना

मैत्रिणींनो, सकाळी चर्चमधून आले तेव्हापासून डोकं इतकं तापलंय की स्वयंपाक बाजूला ठेवून लिहितेय.

रविवारी आमच्या धाकटीचा बाप्तिस्मा. बाळाला धर्माची शिकवण द्यायची जबाबदारी घेणारा धर्मपिता म्हणून सासूबाईंनी माझ्या दिराचं नाव कधीच ठरवून टाकलेलं. आज फादरांनी आम्हाला तयारीसाठी बोलावलं होतं. भाऊजी जामखेडहून आले ते मोबाईलवर केकचे फोटो दाखवतच. थोरल्याचा बाप्तिस्म्याचा पांढरा झगा धुऊन ठेवलाय म्हटलं, तर म्हणाले, "वहिनी, जुना न्हाई चालायचा, फोटो निघत्यात."

फादरांनी त्यांना साधंच विचारलं, "चर्चमध्ये मिस्साला शेवटचं कधी आलात?"

"नाताळला, फादर."

"कोणत्या?"

आमचे हे हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. फादर म्हणाले, "आधी पापनिवेदन करा, मग बघू. नाहीतर दुसरा माणूस शोधा."

बाहेर आल्यावर भाऊजी माझ्यावरच घसरले. "नुसतं उभं तर ऱ्हायचंय! फादरला समजवा की."

घरी सासूबाईंचं वेगळंच. "घरचा माणूस सोडून परका उभा करशील?"

अहो, उद्या आम्ही नसलो तर माझ्या लेकीला हात जोडून प्रार्थना करायला कोण शिकवणार? मी सरळ सांगून टाकलं, भाऊजी पापनिवेदनाला गेले तर तेच धर्मपिता, नाहीतर बाप्तिस्मा पुढे ढकलू आणि दुसरा माणूस बघू. तेव्हापासून घरात फक्त बाळच माझ्याशी बोलतंय.

खरं सांगा, तुमच्याकडे धर्मपिता निवडताना नातं बघतात की माणूस?