खिळेबाबांनी वाचलेला उतारा

गल्लीत त्यांना सगळे खिळेबाबा म्हणत. त्यांचा उभा जन्म छापखान्यात गेला, शिशाचे खिळे जुळवण्यात. खिळे म्हणजे टोकाला एकेक अक्षर असलेले बारीक ठोकळे. नवीन राहायला आलेला एक शेजारी तसबीर टांगायला दोन खिळे मागायला आला, तेव्हा ते म्हणाले होते, "माझ्या खिळ्यांवर काही टांगता यायचं नाही." एवढाच काय तो त्यांचा विनोद, तोही वर्षानुवर्षं तोच. एरवी माणूस अबोल. बायको जाऊन बराच काळ लोटला होता. घरात मुलगा आणि सून. मुलगा बस दुरुस्तीच्या कारखान्यात मेकॅनिक, सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये.

सुनेला सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं होतं. प्रवेश परीक्षेत इंग्रजीने एकदा तिचा घात केला होता. रक्तातल्या पेशी तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांसारख्या ओळखू येत, पण समानार्थी शब्द आणि हातभर लांबीचे उतारे आले की डोकं चालत नसे. पुन्हा कंबर कसली, तर डोळ्यांनी दगा दिला. सूक्ष्मदर्शकात बघताना मधोमध राखाडी डाग दिसू लागला. काच खराब झाली असेल, म्हणून तिने ती पुसपुसून घेतली. डाग काचेवर नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजरेचा मधला भाग गेला, तो परत यायचा नाही. कडेकडेचं दिसेल, घरात वावरता येईल, अक्षर मात्र लागणार नाही. लॅबच्या मालकाने तिला फोनवर बसवलं. कामावरून काढलं नाही हे काय कमी, असं नवरा म्हणाला. तिने पुस्तकं पलंगाखाली ढकलली.

ती बाहेर काढली खिळेबाबांनी. अशा परीक्षार्थींना लेखनिक मिळतो, तो प्रश्न वाचून दाखवतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं. एका दुपारी ते पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसले.

"मी वाचतो."

"तुम्हाला इंग्रजी कुठं येतं, बाबा?"

"इंग्रजी नाही येत. अक्षरं येतात."

ते खरंच होतं. इंग्रजी पावत्या, अहवाल, जाहिराती त्यांनी ढिगाने जुळवल्या होत्या, अर्थाशी काडीचाही संबंध न ठेवता. ते एकेक अक्षर म्हणत आणि शब्द संपला की टेबलावर टिचकी मारत. ती मनातल्या मनात जोडत जाई. सुरुवातीला ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिला ओळीचं तोंड आठवत नसे. पुढे सवय झाली. शब्दांच्या यादीतला एखादा शब्द त्यांना आवडला की ते अर्थ विचारत. 'रिलक्टंट' म्हणजे नाइलाजाने, कुरकुरत करणारा, असं तिने सांगितलं. "म्हणजे तुझा नवरा, बाजारात निघालेला," ते म्हणाले. त्यांचा हा दुसरा विनोद.

मग तो उतारा आला.

जुन्या कारखान्यांवर होता. एल, ई, ए, डी, टिचकी. तिला आधी वाटलं, पुढारीपणाबद्दल काही असेल. पुढच्या वाक्यात तो शब्द धातू निघाला. शिसं. छापखान्यातले कामगार ते दिवसभर हाताळत. कपड्यांवरून त्याची धूळ घरी जाई. काही ठिकाणी त्यांच्या बायकांची मुलं जन्माआधी किंवा जन्मल्यावर लगेच दगावलेली आढळली. बाबांचा आवाज जराही हलत नव्हता. अक्षर, अक्षर, टिचकी.

नवऱ्याच्या आधीची दोन भावंडं गेली होती, हे तिला ठाऊक होतं. एक पोटातच, दुसरं बारशाआधी. बाबांच्या आईने सासूबाईंना पांढऱ्या पायाची ठरवलं होतं आणि मरेपर्यंत तसंच बोलत राहिली. सासूबाईंनीच हे भाजी निवडताना सांगितलं होतं. तेव्हा बाबा काय म्हणाले, असं तिने विचारलं होतं. "हे जेवत होते," सासूबाई म्हणाल्या.

"कशाबद्दल होता?" बाबांनी पुस्तक मिटत विचारलं.

"पाण्याच्या नळांबद्दल," ती म्हणाली.

पण काही शब्द त्यांच्या बोटांना पाठ होते. छापखान्याच्या पावतीवर 'प्रिंटिंग' हा जो शब्द आयुष्यभर जुळवला, तो या उताऱ्यात तीनदा आला होता. मुलगा कामावरून आल्यावर त्यांनी ते पान त्याच्यापुढे धरलं आणि अर्थ सांगायला लावला. मुलगा मोडकंतोडकं सांगू लागला, मध्येच त्याच्या ध्यानात आलं आणि तो थांबला. त्यांनी त्याला शेवटपर्यंत वाचायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते टेबलाशी आले, पण बसले नाहीत.

"तू नळ म्हणालीस."

"सांगून काय मिळालं असतं, बाबा? आणि प्रत्येक घरात तसंच झालं असं त्यात नाही. आपल्याकडचं कारण तेच होतं, हे कोणीच सांगू शकत नाही."

"तिच्यामुळे झालं, हे मात्र आम्ही छातीठोकपणे सांगत होतो," ते म्हणाले.

सासूबाईंची थोरली बहीण अजून हयात होती. बाबा सुनेला घेऊन तिच्याकडे गेले. जिने चढून धाप लागली होती, तरी दारातच त्यांनी बोलायला सुरुवात केली. शिसं, धूळ, कपडे, सगळं उलटसुलट. अडले तिथे सुनेने सांगितलं. म्हातारी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पुरी केली.

"तिचा दोष नव्हता, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कळायला इंग्रजी लागलं."

तिने बसा म्हटलं नाही. सुनेला तेवढं पाणी दिलं.

त्यानंतर खिळेबाबांनी पुस्तकाला हात लावला नाही. सुट्टीच्या दिवशी नवरा वाचून दाखवी, तोही ओळी गाळत, घड्याळाकडे बघत. ती गाळलेल्या ओळी पुन्हा मागत नसे. परीक्षेत लेखनिक म्हणून कॉलेजातली एक मुलगी होती. ती सपाट्याने अख्खे शब्द वाचू लागली, तेव्हा अक्षरांची सवय लागलेली ही बावरली. दोनदा थांबवून परत वाचायला लावलं. शेवटचा उतारा राहूनच गेला. तरी इंग्रजीत ती कशीबशी तरली आणि अगदी शेवटच्या यादीत तिचा नंबर लागला.

नवऱ्याने पेढे आणले. बाबांनी अर्धा घेतला आणि उतारे कशावर होते ते विचारलं.

"एक पक्ष्यांवर होता, एक बाजारावर."

"खरं?"

"खरं."

ते खरंच होतं. त्यांना पटलंय असं दिसलं नाही.

वर्ग सुरू झाले. लॅबचं काम तिने सोडलं. बाबा तिला रोज सकाळी बसथांब्यापर्यंत सोडायला जात. वाटेत दोघं क्वचितच बोलत. मोठा रस्ता आला की ते तिचा हात धरत आणि पलीकडे पोचताच सोडून देत.