गाडीत होडीचं रॉकेल

लेकीचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हापासून मी देवाशी अबोला धरला होता. दिवा लावायचे, पण तोंड फिरवून. दुसऱ्या बाळंतपणाला ती आमच्याकडे, मालवणला आली आणि दिवस भरण्याआधीच तिला कळा सुरू झाल्या. डॉक्टर कुडाळला. ह्यांनी नुकतीच घेतलेली जुनी मोटार दारात होती, पण टाकीत पेट्रोल जेमतेम. ह्यांनी घाईघाईने पडवीतला कॅन उचलला आणि ओतला.

होडीचं मशीन आम्ही पेट्रोलवर सुरू करतो आणि रॉकेलवर चालवतो. दोन्ही कॅन सारखेच. दुसऱ्या कोणाला झाकण उघडताच वास आला असता. पण आमच्या ह्यांचा जन्म होडीत गेलेला, त्यांच्या नाकाला रॉकेल काय नि वारा काय!

कुडाळच्या वाटेवर कट्टा गावाच्या पुढे चढावर गाडी आचके देऊ लागली. आतून ठकठक आवाज, मागून पांढरा धूर, आणि मग ती बंदच पडली. ह्यांनी टाकी उघडली, तेव्हा रॉकेलचा वास मला आला. मी सांगताच ह्यांचा चेहरा पडला.

"गो, मिया राकेल वतलंय."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लेक माझा हात पिळत होती. समुद्रात मशीन अडलं की करतात तसं हे बॉनेटपुढे हात जोडून गाऱ्हाणं घालू लागले, "बा देवा म्हाराजा, ह्या माज्या चेडवाक सुखरूप पावव रे म्हाराजा!" मला हसू आलं, रडूही आलं, आणि गाऱ्हाण्याला सगळे साथ देतात तसं माझ्या तोंडून आपसूक गेलं, "व्हय म्हाराजा!" इतक्या दिवसांचा माझा अबोला असा सुटला.

थोड्या वेळाने कुडाळच्या बाजाराला निघालेली जीप आली. मागे एक बाई, भाजीच्या टोपल्यांत बसलेली. लेकीला पाहताच तिने भराभर टोपल्या रस्त्याकडेला उतरवल्या, स्वतःही उतरली.

"अगो, तुझो बाजार?" मी म्हटलं.

"तो फुडल्या आठवड्याक होतलो. तिका आदी आडवी निजवा."

आम्ही वेळेत पोचलो. नात झाली, चांगली ठणठणीत रडली. गाडीची टाकी उपसली, कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले. तरी ती बरेच दिवस खोकत होती आणि मी ह्यांना चिडवत होते.

त्या बाईला शोधायला मी कट्टा गावच्या नि कुडाळच्या बाजारात कितीदा गेले. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. शेवटी एक म्हातारी भाजीवाली म्हणाली, "काम झाला मा तुमचा? मग कित्याक शोधतास?"

मी घरी आले. देवापुढे बसले आणि काही न मागता नुसती रडले. माझ्या मांडीवर नात झोपली होती.