साहेबांसाठी साफ केलेलं खळं

पर्यावरणाच्या कायद्याबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, आता हा झाडं लावायला सांगणार. मग एखादा पक्षी येणार, सूर्य बुडणार. तसलं काही नाहीये. मी आयुष्यात एकच झाड लावलं, कॉलेजच्या मार्कांसाठी, आणि ते बकरीने खाल्लं. हे सगळं सुक्या बोंबलाबद्दल आहे. वास चालत नसेल तर इथेच थांबा.

आमचं गाव डहाणूच्या किनाऱ्यावर. बाबा बोटीवर, आई खळ्यावर. खळं म्हणजे मासे सुकवायची जागा. बांबू रोवायचे, दोऱ्या ताणायच्या, दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगायचे, आणि खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरायचा. कुणाचं खळं कुठून कुठपर्यंत, हे एकाही कागदावर लिहिलेलं नाही. बायकांना माहीत असतं, तेवढं पुरतं. शेजारणीचा बांबू दीड हात पुढे सरकला तर आईच्या तोंडून जे निघतं, त्याची नक्कल मी पाचवीपासून करतोय. मार पण तेव्हापासूनच खातोय.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना निरोप आला, किनाऱ्याचा सरकारी नकाशा बनतोय, पाहणीला माणूस येणार. कायदा पर्यावरणाचा. आता आमच्या तालुक्यात पर्यावरण हा शब्द काही परका नाही. मोठ्या कारखान्यांवर इथे एक्क्याण्णव सालापासून बंधनं आहेत, हे शेंबडं पोरगंही सांगेल. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, पर्यावरणवाला म्हणजे आपलाच पाहुणा.

आणि पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्या बायकांनी काय केलं? साफसफाई. पुढारी माझी आई.

"साहेब येतायत, नाकाला रुमाल लावून उभे राहतील. बरं दिसतं का ते? उतरवा सगळं."

एका सकाळीत बोंबील उतरले, बांबू उपटून कुडाला टेकवले, वाळू झाडली. मीही बांबू वाहिले, खोटं कशाला सांगू. साहेब आला, टोपी घालून, हातात मशीन घेऊन. आईने त्याला घोलवडचे चिकू कापून दिले. त्याने पाच खाल्ले, सगळीकडे बघितलं आणि म्हणाला, "एकदम साफ जगह है. बहुत बढ़िया." आई आठवडाभर ते वाक्य गावात वाटत होती.

तिकडे कॉलेजात पर्यावरणाच्या मॅडम आम्हाला जगातले करार पाठ करून घेत होत्या. स्टॉकहोम बहात्तर, मॉन्ट्रियल सत्याऐंशी, रिओ ब्याण्णव, क्योटो सत्त्याण्णव, पॅरिस पंधरा. हजेरी घेतात तशा सुरात. मी तो सूर उचलला आणि एकदा त्या दारात उभ्या असताना अख्खा वर्ग हसवला. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आवाज चांगला आहे तुझा. किनारपट्टीची अधिसूचना घे लायब्ररीतून, वर्गात मोठ्याने वाच. सगळी."

तीन तास वाचत होतो. अशी शिक्षा शत्रूलाही देऊ नये. पण मध्येच एका ओळीशी माझी जीभ अडकली. नकाशात मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामाईक जागा, मासे सुकवायच्या जागा दाखवायच्या. म्हणजे कुठे लांब दिल्लीत बसून कुणीतरी माझ्या आईचं खळं कायद्यात लिहून ठेवलं होतं. पॅरिसबिरिस ठीक आहे, पण ही ओळ घरातली होती.

महिन्याभरात कच्चा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागला. आमच्या खळ्यांच्या जागी नुसती वाळू. मोकळी. आईने बोट ठेवून विचारलं, "इथे आपण कुठे?"

"आपण नाही," मी म्हणालो. "तू झाडून काढलंस ना."

तिने बोट त्या वाळूवरून उचललं नाही. मोकळी वाळू म्हटलं की तिच्यावर उद्या कोणीही हक्क सांगेल, आणि आमच्याकडे दाखवायला कागद नाही, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

हरकती ऐकायला तालुक्याच्या हॉलमध्ये जनसुनावणी ठेवली. स्टेजवर मोठे साहेब, पडद्यावर इंग्रजी. गावातल्या बायका पुढच्या रांगेत, आई मधोमध. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. तिला माईक दिला तर तिने नको म्हणून मान हलवली. मग तो मी घेतला.

आधी मी नकलेत टोपीवाल्या साहेबाला उभं केलं. मशीन डोळ्याला लावलं, चिकू चावला, "एकदम साफ जगह है." हॉलमध्ये हशा फुटला. मग आई सुरू केली. कमरेवर हात, तोच आवाज. "उतरवा सगळं. बांबू कुडाला लावा. साहेबांना वास येता कामा नये." मागे लोक हसत होते. पुढची रांग हसत नव्हती.

"ओ, नाटक नको. मुद्द्यावर या," मोठे साहेब म्हणाले.

"हाच मुद्दा आहे, साहेब. तुम्ही येणार म्हणून आम्ही आमचं घर लपवलं. तुम्ही लपवलेलं मोजून गेलात."

मग माझ्या साध्या आवाजात ती ओळ वाचली. आधी इंग्रजीत, त्यांच्यासाठी. मग मराठीत, आमच्यासाठी.

"वेळ संपली तुमची."

"कायद्याची नाही संपली. तुम्ही काय लिहून घेतलंत ते मराठीत वाचून दाखवा, मग मी बसतो."

"तुम्ही खाली बसा आधी."

"उभाच बरा आहे, साहेब. पाय तरुण आहेत."

मागून कोणीतरी म्हणालं, वाचा वाचा. मग सगळेच म्हणायला लागले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेजारच्या कारकुनाने कागद उचलला आणि वाचलं: मासे सुकवण्याच्या वापरातील जागा नकाशात दाखवलेली नाही, अशी हरकत. जागेची पुन्हा पाहणी करावी. मी एक शब्द बदलायला लावला. त्याने 'जागा' लिहिलं होतं, ते खोडून 'खळी' लिहायला लावलं, आणि पाहणी गावातल्या सगळ्या खळ्यांची. मग बसलो.

परतताना टमटममध्ये आम्ही दहा जण कोंबलेले. मला वाटलं, आता कौतुक होणार. आईने टमटम सुरू व्हायचीही वाट बघितली नाही.

"मी मेले होते काय रे?"

"अगं, तू नको म्हणालीस ना माईकला."

"श्वास घेत होते मी. तेवढ्यात उठलास माझा आवाज काढत. आणि सांगितलंस काय तर मी झाडू मारला. जवळ्याला सारवलेलीच जमीन का लागते, ते सांगितलंस? दुसरीकडे हलवलं तर वारा कुठून येणार, ते सांगितलंस? माझ्या सासूने ती जमीन चोपली, ते?"

"तीन मिनिटंच होती, आई."

"ती माझी होती. पुन्हा पाहणीला येतील तेव्हा तू घरात बसायचं. तोंड उघडलंस तर बोंबलाच्या दोरीला टांगीन, त्यांच्याच जोडीने. मी बोलणार. आणि सरक तिकडे, मावशीच्या पाटीवर बसलायस."